बिनमिठाचे चाळीस दिवस

शिरूर, २४ एप्रिल २०२५

अहो,

सलाम. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय हे प्रिन्सीच्या मोबाइलवरून कळलं. लेकीला रोज फोन येतो, मला नाही. म्हणून पोस्टाने लिहितेय. पोस्टमास्तर म्हणाले, "मस्कतला पत्र? वहिनी, व्हिडिओ कॉल करा की, फुकट असतो." मी म्हटलं, आमचा नवरा महाग आहे.

आप्पा वाचले, हे फेथताईंनी तुम्हाला सांगितलंच असेल. बाकी काय सांगितलं तेही मला माहीत आहे, कारण तुमच्या बहिणीने ते दवाखान्याच्या जिन्यात माझ्यासमोरच सांगितलं. आता माझ्या तोंडून एकदा ऐका.

ईस्टरआधीच्या उपासकाळाचे चाळीस दिवस मीठ सोडायचं, हा आप्पांचा नेम तुमच्या जन्माच्या आधीपासूनचा. एस.टी.त ड्रायव्हर होते तेव्हा त्यांच्या डब्यातली आळणी भाजी बघून कंडक्टर हसायचे म्हणे. देवळाच्या मंडळीत मात्र कुणाची हसायची टाप नाही. ईस्टरच्या पहाटे भक्ती झाली की आप्पा सगळ्यांसमोर उकडलेल्या अंड्यावर चिमूटभर मीठ टाकून खातात, आणि सगळे मोठ्याने ‘आमेन’ म्हणतात. त्याशिवाय आपल्या देवळात ईस्टर झाल्यासारखा वाटत नाही.

यंदा ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी ते नेहमीसारखे मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे होते. देवळाच्या पायरीवर त्यांनी हातातली झावळी माझ्याकडे दिली. "रूथ, पायात जीव न्हाई गं ऱ्हायला," म्हणाले आणि खालीच बसले. दवाखान्यात नेलं तर नाडी चाळिसाच्या खाली. ईसीजी बघूनच डॉक्टर म्हणाले की रक्तात पोटॅशियम वाढलेलं दिसतंय. रिपोर्ट आला ७.९. ते पाचाच्या आत असावं लागतं. रक्त ओढताना पेशी फुटल्या तरी असा खोटा आकडा येतो, म्हणून त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. मी मनात म्हटलं, प्रभू, खोटा निघू दे. तो खराच होता. मग कॅल्शियमचं इंजेक्शन, इन्सुलिन, ग्लुकोज आणि शेवटी डायलिसिस.

मी डॉक्टरांना विचारलं, हे वाढतं कशानं? त्यांनी नीट सांगितलं. पोटॅशियम सगळ्याच अन्नात असतं, जास्तीचं मूत्रपिंड लघवीतून बाहेर टाकतं. आप्पांची मूत्रपिंडं साखरेनं आधीच थकलेली. बीपीची गोळी आणि पायाच्या सुजेची गोळी, या दोन्ही पोटॅशियम आत अडवून धरतात. गुडघ्यासाठी ते मेडिकलमधून परस्पर आणायचे ती दुखण्याची गोळी मूत्रपिंडं आणखी बिघडवते. म्हणजे मोरी तुंबलेली आहे हे मला कळलं. पण डॉक्टर म्हणाले, एवढं पाणी साचलं म्हणजे वरून कुणीतरी बादलीही ओतत असणार.

तेवढ्यात तुमचा फोन आला आणि डॉक्टरांनी तो स्पीकरवर घेतला. त्यांनी विचारलं, काढा, पावडर, मिठाऐवजी मिळणारं काही, असं घरातून कुणी देतं का? तुम्ही जरा थांबलात. मग म्हणालात, "नाही डॉक्टर, तसं काही नाही. त्यांचं खाणंपिणं रूथच बघते." खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तुम्ही खोटं बोलला नाहीत, बघतेच मी. आदल्या दिवशी, शनिवारी उन्हाचं एक शहाळं दिलं होतं, तेही मीच डॉक्टरांना सांगितलं. फेथताईंनी तेवढंच धरलं. "नारळपानी पाजून माझ्या बापाला मारत व्हती," असं त्या लिफ्टवाल्यालासुद्धा सांगून आल्या. आप्पांना त्या दौंडला घेऊन गेल्या आहेत. माझ्या हातचं आता नको म्हणाल्या.

आप्पा एक शब्द बोलले नाहीत. अशक्तपणा असेल. पण तुमचा तरी माझ्यावर विश्वास आहे ना? तेवढं कळवा.

तुमची,
रूथ


शिरूर, १८ मे २०२५

अहो,

सलाम. उत्तर आलं नाही, पण पत्र पोचलं असणार, कारण तुम्ही प्रिन्सीला विचारलंत, "मम्मी आप्पांना अजून काय काय द्यायची?" नववीतल्या पोरीला आईवर पाळत ठेवायला लावता? ती फोन ठेवून रडली. आता तिला तरी यात ओढू नका.

मुलींच्या हॉस्टेलचं स्वयंपाकघर माझ्याकडून गेलं. अंजनाबाईंनी ऑफिसात बोलावलं. सुपरिंटेंडेंट असल्या तरी बाई वाईट नाहीत, खाली बघूनच बोलत होत्या. "रूथ, पालक इचारतात गं. सासऱ्याला जिच्या हातचं खाऊन आयसीयूत न्यावं लागलं, तीच बाई आमच्या पोरींचं करती का म्हणून. जूनपास्नं दुसरी बघते मी. राग मानू नको." सत्तर मुली बारा वर्षं माझ्या हातचं जेवल्या, एकीला कधी साधी हगवण लागली नाही. हे मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. माहीत असून काढलं.

मंडळीतल्या एका लग्नाचा स्वयंपाक होता, नेहमीसारखी मी विळी घेऊन गेले. मला कोथिंबीर निवडायला बसवलं. रश्श्याच्या पातेल्याजवळ जाऊ दिलं नाही.

दौंडलाही जाऊन आले. न्हावरामार्गे चौफुला, तिथून दुसरी गाडी. डॉक्टरांनी सांगितल्यासारखे बटाटे बारीक चिरून, पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून भाजी केली होती. फेथताईंनी डबा तसाच परत दिला. आप्पा दारातून हात जोडून आत गेले, माझ्याकडे बघितलं नाही.

मी इथल्या डॉक्टरांना सरळ विचारलं, एका शहाळ्यानं एवढं होतं का? ते म्हणाले, एकट्या शहाळ्यानं नाही. तुम्ही मंडळीच्या पंचांना एवढं सांगणारा एक फोन करा. मुलाच्या तोंडून आलं तर लोक ऐकतील. सुनेचं कोण ऐकतंय?

तुमची,
रूथ


दौंड, २ जुलै २०२५

जॉन्सन,

पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आप्पांना पुन्हा अ‍ॅडमिट केलं. पोटॅशियम ६.८. स्वयंपाक फेथताईंचा, शहाळं नाही, केळं नाही, टोमॅटोसुद्धा नाही, मीठही नावालाच, आणि मी पन्नास-साठ किलोमीटर लांब. फेथताईंनी स्वतःच मला फोन केला. आवाज पार बसला होता. "वहिनी, मी तर सगळं तक्त्यापरमाणं केलं व्हतं," म्हणाल्या. खरं सांगते, मला आधी आनंद झाला. सासरा दवाखान्यात आणि सुनेला आनंद, मग माझी मलाच लाज वाटली.

दुपारी त्या घरी गेल्या आणि मी आप्पांजवळ बसले. दवाखान्याचं जेवण आलं, आळणी वरण, दुधी, भात. आप्पा म्हणाले, "रूथ, बाहेर जाऊन बघ बरं डॉक्टरीणबाई आल्यात का." मी गेले, बाई नव्हत्या, लगेच मागे फिरले. पडदा अर्धा ओढलेला होता. आप्पा गायनाच्या पुस्तकाच्या पिशवीतून एक पांढरी बाटली काढून वरणावर झटकत होते. इतकं झटकत होते की वरणावर पांढरा थर आला.

मी बाटली हातातून घेतली. वरती अरबी अक्षरं.

"आप्पा, हे काय?"

"मीठ न्हाई ते."

"मग काय आहे?"

"मिठाच्या बदल्यातलं हाय. बीपीवाल्यांसाठी. जॉन्सननं धाडलंय, त्या कासुर्डीच्या सतीशच्या हातनं, दोन वर्सं झाली, दर नाताळाच्या टायमाला." मग म्हणाले, "दोन-तीन वर्सं झाली, आळणी गिळत न्हाई गं आता मला. जीभ मेली. जॉन्सन म्हनला, आप्पा, ह्ये मीठच न्हाई, तुमचा नेम मोडत न्हाई. मग काय बिघडलं?"

मी विचारलं, एप्रिलमध्ये डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का सांगितलं नाही?

"सगळी मंडळी बाहेर उभी व्हती, रूथ. पास्टरसाहेब उभे व्हते. मी काय सांगू, याकोब आप्पा चोरून खातो म्हनून?"

"आणि जॉन्सन?"

आप्पांनी ताट बाजूला सारलं. "त्येनं त्याच रात्री फोन केला. म्हनला, फेकून द्या ती बाटली आन् कुनाला बोलू नका. मी एक फेकली. दुसरी ऱ्हाऊ दिली."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. डॉक्टरांनी ‘मिठाऐवजी काही’ असं विचारलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, म्हणून तुम्ही थांबलात. आणि थांबून, विचार करून, माझं नाव घेतलंत. मी ते पत्रात लिहून तुम्हालाच विचारत होते की माझ्यावर विश्वास आहे का! तुम्ही हसला असाल वाचताना. नसाल हसला तर जास्तच वाईट.

मी ती बाटली तडक इथल्या डॉ. अनितांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा वर करून खालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हे जवळजवळ सगळं पोटॅशियमच आहे. धडधाकट माणसाला चालतं, पण थकलेल्या मूत्रपिंडाला आणि त्यात या गोळ्यांवर असलेल्या माणसाला हे विषासारखं. वडगाव रासाईला माझा भाऊ उसाला पोटॅश टाकतो ना, जात तीच, फक्त खाण्यासाठी स्वच्छ केलेलं. मीठ सोडण्याच्या नेमापायी आप्पा दोन वर्षं ताटात पोटॅश घेत होते.

डॉक्टरांना सांगितलं कारण आप्पांचा जीव वाचायला हवा. मंडळीत मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. मुलाने केलं, मुलाने निस्तरावं. पंचांना एक फोन करा, दोन वाक्यांचा. मला माझं स्वयंपाकघर परत पाहिजे.

रूथ


शिरूर, २१ ऑगस्ट २०२५

जॉन्सन,

चार महिन्यांनी तुमचा मेसेज आला, तोही प्रिन्सीच्या मोबाइलवर, तिला वाचता येईल असा. "आप्पांची मंडळीत काय इज्जत आहे तुला माहीत आहे. आता ते ठीक आहेत तर विषय कशाला वाढवायचा. तू समजून घे. तुला कोण काय म्हणणार आहे."

मला कोण काय म्हणणार आहे? किराणा दुकानात माझ्या पिशवीत डोकावून बघतात की मी काय नेतेय. कालच एक बाई हसत म्हणाली, "सासरं न्हाईत ना आता घरी, मग नारळ कुनासाठी?" मी नारळ चटणीला घेतला होता. दुकानात तसाच ठेवून आले.

फेथताईंनाही आता सगळं माहीत आहे. त्यांनी मला साडी पाठवली, म्हणाल्या, भावाचं नाव तेवढं घेऊ नका. साडी परत पाठवली आहे. मला कोणी तरी शब्दाने सांगा हो, साडीने नको.

डिसेंबरात येणार आहात, तेव्हा तोंडाने सांगीन असं मेसेजच्या शेवटी लिहिलंय. ठीक आहे. तोवर गप्प बसते. एवढे महिने बसले, आणखी बसते.

रूथ


शिरूर, ९ जानेवारी २०२६

जॉन्सन,

तुम्ही काल विमानात बसलात. घरात एवढे दिवस होतात आणि मी तोंडाने बोलले नाही, कारण प्रत्येक वेळी तुम्ही "सण होऊ दे" म्हणालात. सण झाला. आता लिहिते.

तुम्ही दौंडहून आप्पांना घेऊन आलात, मी रोज बटाटे भिजवले, पाणी ओतलं, डाळ पातळ केली. आप्पा निमूट खात होते. त्यांचं पोटॅशियम ४.६ आलं आणि तुम्ही पेढे वाटलेत. मला वाटलं, आता बोलाल.

नाताळच्या भक्तीत साक्ष द्यायची वेळ आली आणि तुम्ही उठलात. प्रिन्सीने माझा पदर धरला. तिलाही वाटलं, पप्पा आता सांगणार. तुम्ही नवा कोट घातला होता, मस्कतचा. आणि काय म्हणालात? "प्रभूनं माझ्या वडिलांना मरणाच्या दारातून परत आणलं. घरात अजाणतेपणी चूक झाली. माणूस आहे, चुकतो. आम्ही कुटुंब म्हणून क्षमा केली आहे. मंडळीनंही मन मोठं करावं."

सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. पास्टरसाहेबांचे डोळे भरून आले. भक्तीनंतर बायका रांगेने माझ्याकडे आल्या, हात हातात घेतला. "नशीबवान हाईस, असा नवरा मिळाला." अंजनाबाई म्हणाल्या, बघू, पुढच्या वर्षी विचार करू. मी प्रत्येकीला सलाम केला. दुसरं काय करणार होते? तुम्ही मला खोटं ठरवलं असतंत तर मी भांडले असते. तुम्ही मला माफ केलंत, आणि माफ केलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "झालं की आता सगळं नीट." आणि मटणाचा दुसरा वाडगा मागितलात. मी तो वाढला, याचा मला अजून राग येतो.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. प्रिन्सीने तुम्हाला एस.टी. स्टँडवर सोडताना हात का हलवला नाही, हे तुम्ही फोन करून तिला विचारलंत. तिला नका विचारू.

रूथ


शिरूर, २३ फेब्रुवारी २०२६

जॉन्सन,

उपासकाळ सुरू झाला. काल पहिला रविवार, कोण काय सोडणार तो नेम सगळ्यांसमोर सांगायचा. पास्टरसाहेबांनी सवयीने आधी आप्पांकडेच बघितलं.

शनिवारी मी आप्पांना सांगून ठेवलं होतं. भाकरी वाढताना म्हटलं, "आप्पा, उद्या मी उठणार आहे. तुम्ही बसा नाहीतर उठा, तुमची मर्जी." ते म्हणाले, "ईस्टरपातूर थांब की." मी म्हटलं, मागच्या ईस्टरपासून थांबलेय. त्यांनी भाकरी कुस्करून तशीच ठेवली.

तर पास्टरसाहेबांनी बघितलं आणि आप्पा उठायच्या आत मी उठले. बायकांच्या बाजूने. बाटली, त्यातलं पोटॅशियम, डॉ. अनिता, सगळं सांगितलं. एक शहाळं दिलं होतं तेही पुन्हा सांगितलं, म्हणजे कुणी म्हणायला नको लपवलं.

पंचांपैकी हौशीराम मामा म्हणाले, "आप्पा, सून काय म्हनती? खरं हाय का?"

आप्पा काठी धरून उठले. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा मला विकतात. त्यांनी मान वर केली नाही. "खरं हाय," म्हणाले. "दोन वर्सं मी तुमच्याम्होरं आळणी खाल्ल्याचं सोंग केलं. ईस्टरला अंड्यावर मीठ टाकून तुमचं ‘आमेन’ घेतलं. पोरीनं वर्सभर शिव्या खाल्ल्या, मी गप ऱ्हायलो. तिच्या हातचंच खाऊन गप ऱ्हायलो." मग म्हणाले, "पन बाटली मीच मागवली. जॉन्सनचा यात काय संबंध न्हाई."

म्हणजे स्वतःची अब्रू काढून टाकली आणि तुमची झाकली. बाप आहेत तुमचे. मी समजू शकते. पण मी पुन्हा उठले आणि म्हणाले, "बाटली जॉन्सननं पाठवली. डॉक्टरांना नाही म्हणून त्यानंच सांगितलं. नाताळला इथंच उभं राहून मला क्षमाही त्यानंच केली." कोणीतरी मागे ‘अरे देवा’ म्हणालं. आप्पा रडत होते. मला रडू आलं नाही.

भक्तीनंतर पास्टरसाहेबांनी त्यांच्या मोबाइलवरून तुम्हाला फोन लावला, सगळे मिळून प्रार्थना करू म्हणून. दोनदा लावला. रविवारी तुम्हाला ड्यूटी असते हे मी त्यांना सांगितलं. तिसऱ्यांदा तुम्ही उचललात, "जॉन्सन, रूथ इथं आहे, मंडळी इथं आहे," एवढं ऐकलंत आणि कापलात. त्यांच्याही मोबाइलवरून आता तुम्हाला फोन लागत नाही.

आज सकाळी अंजनाबाई स्वतः घरी आल्या, दारातच रडल्या. हॉस्टेलचं स्वयंपाकघर परत घेतलं मी. नाही कशाला म्हणू? ते माझंच होतं.

आप्पा इथेच राहतील. मी त्यांच्याशी अजून फारसं बोलत नाही, पण त्यांचे बटाटे भिजवते. आज ते म्हणाले की यंदा मिठाऐवजी बोलणं सोडीन म्हणतो. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही वर्षभर तेच केलंत, यंदा दुसरं काहीतरी सोडा. ते हसले, आणि मलाही जरा हसू आलं.

कालपासून बायका एकच सांगतायत. पोरी, उपासकाळ आहे, मोठं मन कर, नवऱ्याला माफ कर. मी प्रत्येकीला विचारलं, त्यानं मागितली आहे का?

मेमध्ये सुट्टीवर याल तेव्हा दौंडला फेथताईंकडे उतरा, या घरी नको. क्षमा मागायची असेल तर रविवारी देवळात या आणि जिथे उभं राहून मला दिलीत तिथे उभं राहून मागा. घरात एकटीला गाठून मागू नका. मी दार उघडणार नाही.

रूथ